आउक्येचा घेवडा

"एक उन्हाळा म्हणाला होतास तू."

"एकच म्हणालो होतो. कुठला, ते नव्हतो म्हणालो."

हे भांडण मी ऐकलं त्याला आठ वर्षं झाली. मी राहते त्या बार्जवर चादरी वाळत घालत होते आणि शेजारच्या शिडाच्या बोटीची वरची झडप उघडी होती. बंदरात शेजाऱ्यांच्या मधे भिंत नसते, चार बोटं लाकूड असतं, आणि पाणी प्रत्येक शब्द आणून दारात ठेवतं. तरी खरं सांगायचं तर दोन चादरी वाळत घालायला मला एवढा वेळ लागत नाही.

भांडण घेवड्यावरून होतं. आउक्ये आणि तिचा नवरा हिड्डे त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच आमच्या बंदरात आले होते, दोन वर्षांची निन्के कडेवर होती. धक्क्याच्या कडेला, माझा बार्ज बांधायच्या खुंटापासून रेलिंगपर्यंत, मातीची एक पट्टी आहे. तिथे कुत्री पाय वर करायची. आउक्येने तिचा खुंटाकडचा अर्धा भाग खणला, तीन खेपा घोड्याचं शेण आणून घातलं, आणि मार्चच्या सुरुवातीला घेवडा लावला. आमच्याकडचा जाड दाण्याचा, सोलून डुकराच्या तळलेल्या तुकड्यांबरोबर खातात तो. महिना संपेपर्यंत बोटभर रोपं वर आली. आणि महिना संपला की हिवाळी बोटींनी जायचं असतं. एक एप्रिलपासून जागा उन्हाळी पाहुण्यांची, पांढऱ्याशुभ्र बोटीवाल्यांची.

हिड्डे म्हणाला, घेवडा काय, सगळ्या बंदरांत मिळतो.

"विकत मिळतो," आउक्ये म्हणाली. "मी पेरलंय ते मला खायचंय. माझ्या बापाच्या परसात मी पेरायचे आणि मीच खायचे."

दुसऱ्या दिवशी ते गेले. घेवडा जूनमध्ये मी खाल्ला. चांगला होता.

आउक्ये पाववाल्याची मुलगी, कालव्यापासून अर्ध्या तासावरच्या गावातली. हिड्डे दर शनिवारी पाव घ्यायला यायचा आणि एका माणसाला संपणार नाहीत एवढे पाव न्यायचा. लग्न करून तिने त्याच्या बोटीत पाय ठेवला तो एका उन्हाळ्यापुरता. बोटीचं नाव सित्स्का, हिड्डेच्या आईचं. कुणी विचारलं कुठे राहतेस, तर आउक्ये म्हणायची, "सासूच्या पोटात."

आणि ते पोट केवढं? मधे उभं राहिलं तर एक हात चुलीवर आणि दुसरा अंथरुणावर. निन्केचं दप्तर ठेवायला जागा करायची तर आधी कांद्याची पिशवी हलवावी लागे. हिवाळ्यात आउक्ये गावातल्या शिडं शिवणाऱ्याकडे कामाला जायची. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून ती जाड कापडातून सुई अशी ढकलायची की शिवणारा म्हणे, पाव मळलेले हात आहेत, उगीच नाही. संध्याकाळी घरी, म्हणजे बोटीत, वाटाण्याचं दाट सूप. एक वाडगा बोटीच्या कठड्यावरून माझ्याकडे यायचा. रिकामा वाडगा मी कधी परत दिला नाही. काही नसलं तर आत दोन अंडी ठेवायची.

दर ऑक्टोबरला सित्स्का यायची, दर मार्चअखेर जायची. पहिल्या वर्षानंतर आउक्ये घेवडा निघायच्या दिवशी सकाळीच लावायची. मी एकदा म्हटलं, अगं, आधी लाव, चांगला उगवेल. ती म्हणाली, "उगवलेला बघून निघवत नाही, आजी." आदल्या रात्री कॉफीच्या मगात चोवीस दाणे भिजत घालायची आणि सकाळी मातीत घालायची. मग झारी माझ्या भिंतीच्या खिळ्याला अडकवायची आणि बोटीवर चढायची. शेवटचा दोर मी सोडायचे, कारण आमच्याकडे जाणाऱ्याने आपला शेवटचा दोर स्वतः सोडायचा नसतो, राहणाऱ्याने सोडायचा. असे आठ हिवाळे झाले. घेवडा दरवर्षी मी खाल्ला.

नवव्या हिवाळ्यात गोष्ट बदलली, किंवा तसं वाटलं. आदल्या उन्हाळ्यात हिड्डे डोलकाठीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा कामातून गेला. शीड वर खेचायचं काम आउक्येकडे आलं, सुकाणूही बऱ्याचदा तिच्याकडेच. आणि त्याच शरदात माझा दीर वारला. त्याची जुनी बोट वर्षानुवर्षं माझ्या बार्जला बाजूने बांधलेली होती. ती भंगारात गेली आणि जागा मोकळी झाली. माझी जागा बारमाही आहे, नवऱ्याच्या वेळेपासूनची. मी बंदराचा कारभार बघणाऱ्या पोपमाला विचारलं, की ह्या पोरांनी माझ्या बाजूला बांधून उन्हाळाभर राहिलं तर?

पोपमा चांगला माणूस, पण सही करताना पेनाची टोपी दोनदा उघडझाप करणारा. तो म्हणाला, अर्ज करा, मार्चच्या आत. राहतं घर म्हणून नोंद होईल. वरची समिती ठरवेल.

आता हिड्डेला कोण सांगणार? आउक्येने सांगितलं. मी पुन्हा चादरी वाळत घालत होते. ह्या वेळी भांडण झालंच नाही. हिड्डे म्हणाला, "बरं. एक उन्हाळा." आणि आउक्ये म्हणाली, "कुठला ते आत्ताच सांग." दोघं हसली. निन्के पण हसली, तिला काय कळलं देव जाणे.

त्या फेब्रुवारीत आउक्येने मातीची पट्टी दुप्पट खणली, थेट रेलिंगपर्यंत. शेणाच्या सहा खेपा घातल्या. बियांचं मोठं पाकीट आणलं आणि माझ्या खिडकीत ठेवायला दिलं, कारण बोटीत ओल असते. येताजाता पाकिटावरचं चित्र बघायची. निन्केने शाळेत सांगितलं की ती एप्रिलमध्येही येणार आहे. बाईंनी तिला सहलीच्या यादीत घातलं. आउक्ये एकदा मला म्हणाली, की जूनमध्ये मी तुम्हाला घेवडा वाढीन, तुम्ही नुसतं बसायचं. मी म्हटलं, मीठ मी घालीन, तुझा हात खारट आहे.

अर्ज आउक्येने लिहिला, सुंदर अक्षरात. बोटीची मापं आणि सही मात्र हिड्डेची, कारण बोट त्याच्या नावावर. मग जागेची मालकीण म्हणून माझी सही. तो कागद मीच पोपमाकडे नेला.

मला वाचता फारसं येत नाही. बापाचा बार्ज होता. कालवा गोठला की शाळा, बर्फ वितळलं की शाळा सुटली. असे दोन-तीन हिवाळे मिळाले, तेही काही फार कडक नव्हते. पण आकडे मला पक्के येतात, ते मी कालव्याच्या पाणदारांवर शिकले, जिथे बोट मोजून पैसे घेतात. कागदावर लांबीपुढे लिहिलं होतं, आठ मीटर ऐंशी. मी बघितलं, आणि मला हसू आलं.

सित्स्का नऊ मीटर तीस आहे. मला हातांनी माहीत आहे, इतक्या वेळा मी तिच्या कडेला दोर बांधलेत. पण बंदरात भाडं लांबीवर असतं, आणि पाण्यावर राहणारा माणूस लांबी विचारली की अर्धा मीटर गिळतो. चोरी म्हणून नाही हो; जसं कुणी कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणायचं, तसं. माझा बाप तर दोन मीटर गिळायचा, आणि आई बाजूला उभी राहून मान डोलवायची. हिड्डे नऊ वर्षं आठ-ऐंशीच सांगत होता. मी कागदाची घडी घातली आणि देऊन आले.

उत्तर वीस मार्चला आलं. पोपमा स्वतः धक्क्यावर आला, टोपी काढून. त्याने वाचून दाखवलं: नऊ मीटरच्या आतली बोट राहतं घर म्हणून धरता येत नाही.

मग हिड्डे आत गेला आणि मोजायची फीत घेऊन आला. एक टोक निन्केने नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, धरलं, दुसरं त्याने डाव्या हाताने मागे नेलं. पोपमाला म्हणाला, वाचा. पोपमाने वाचलं. नऊ-तीस.

"हिड्डे," पोपमा म्हणाला, "हे मी वर कळवतो. पण ते विचारतील, मग नऊ वर्षं काय होतं? तेव्हा काय सांगू?"

"सांगा, थंडीत आखडली होती."

पोपमाला हसू आलं आणि लगेच गेलंही. त्याने प्रामाणिकपणे कळवलं. मी दोनदा त्याच्याकडे गेले. एकदा केक घेऊन, एकदा नुसतीच. त्याने केक खाल्ला नाही, त्यावरून मी समजले. अठ्ठावीस तारखेला दुसरं उत्तर आलं. समितीचं म्हणणं, ज्याने नऊ वर्षं खोटं माप दिलं त्याचं नवं माप कशाला धरायचं. परवानगी नाही. आणि पुढच्या ऑक्टोबरपासून हिवाळी जागाही नाही.

त्या संध्याकाळी आउक्ये माझ्याकडे वाडगा घेऊन आली. सूपच होतं. ती टेबलाशी बसली आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, मी तो आकडा पाहिला होता गं. आठ-ऐंशी. मला कळत होतं आणि मी तसाच दिला. हसत दिला.

ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती.

"मीही पाहिला होता, आजी," ती म्हणाली. "त्याने लिहिलं तेव्हा मी शेजारीच होते. मला तो बरोबरच वाटला. नऊ वर्षं कुणी विचारलं की मीही तेच सांगतेय."

मग ती म्हणाली, "पाववाल्याच्या मुलीने माप चुकवावं." आणि उठून गेली. त्या दोघांत त्या रात्री भांडण होईल म्हणून मी झडपेकडे कान लावून बसले होते, लाज कशाला वाटून घ्यायची. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. आतून फक्त निन्के ऐकू आली. सहलीच्या यादीतून नाव आपण काढायचं की बाई काढतील, असं विचारत होती. ऑक्टोबरात कुठे जाणार, हे मी हिड्डेला विचारलं, तर म्हणाला बघू. खांद्याकडे न बघता म्हणाला.

एकतीस तारीख. वारा बरा होता, ईशान्येचा, थंड. माझ्याकडे कॉफी झाली, रिवाजाप्रमाणे. हिड्डेने इंजिन गरम करायला लावलं. निन्के आधीच वर जाऊन बसली, पाठ धक्क्याकडे करून. मी माझ्या खुंटापाशी दोर धरून उभी राहिले.

आउक्ये बोटीतून खाली उतरली, हातात कॉफीचा मग. पट्टीच्या पहिल्या अर्ध्या भागाशी, नेहमीच्या जागी, गुडघे टेकून बसली. बोटाने भोक, दुसऱ्या पेरापर्यंत, आत दाणा, वर माती. चोवीस. नवीन खणलेल्या अर्ध्या भागाला तिने हात लावला नाही. तो रेलिंगपर्यंत तसाच काळा राहिला. मोठं पाकीट माझ्या खिडकीतच होतं, तिने मागितलं नाही, मी दिलं नाही.

तळव्याने तिने माती दाबली, पाणी घातलं, झारी खिळ्याला अडकवली. हात कापडाला पुसत माझ्याजवळून जाताना म्हणाली,

"जून संपायच्या आत काढा हं, आजी. नंतर साल जाड होते."

दरवर्षी हेच म्हणते. मी म्हटलं, हो, माहीत आहे मला, आणि ती बोटीवर चढल्यावर दोर सोडला.