फ्यूजमावशी परीक्षेला बसतात

फ्यूजमावशींना विजेचं काम कोणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या दुकानात बसता बसता त्यांनी पंखे उघडले, मिक्सर जोडले आणि तो गेल्यावर अख्ख्या गल्लीचं वायरिंग अंगावर घेतलं. सव्वीस वर्षं! त्यांनी लावलेला बोर्ड कधी जळाला नाही, म्हणून लोक निर्धास्त.

मग राज्याने विजेच्या कामाची नवी नियमावली लागू केली. एका दवाखान्याचं काम अर्ध्यावर असताना निरीक्षक आले.

"काम चोख आहे, मावशी. पण परवाना?"

"तो कुठे मिळतो?"

"परीक्षा देऊन. लेखी आणि प्रात्यक्षिक. तोवर काम बंद."

चोपन्नाव्या वर्षी परीक्षा! मावशी शिडीवरच बसल्या. घरी आल्या त्या जाडजूड नियमावली घेऊनच, आणि ती त्यांनी सुनेच्या हातात कोंबली. "तू वाच, मी भाजी चिरते."

सून वाचायची, "ओल्या जागेतल्या प्रत्येक प्लगला..."

"गळती पकडणारा ब्रेकर!" मावशी विळीवरून ओरडायच्या.

हाताला ठाऊक असलेल्या गोष्टींना इतकी भारदस्त नावं आहेत, याची त्यांना भलतीच मजा वाटायला लागली. कोणी पाणी मागितलं तरी त्या नियम क्रमांक सांगूनच पेला पुढे करायच्या.

लेखी पेपर झकास गेला. प्रात्यक्षिकाला परीक्षक म्हणाले, "एवढं सर्किट जोडा आणि चालू करा."

मावशींनी जोडलं. सवयीने टेबलावरच्या बोर्डाला मीटर लावला आणि हात मागे घेतला.

"चालू करणार नाही."

"का? जमलं नाही?"

"मला जमलंय. तुमच्या बोर्डालाच अर्थिंग नाही, साहेब."

परीक्षकांनी बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी तार सुटून लोंबत होती. सकाळपासून सतरा जण त्यावर परीक्षा देऊन गेले होते! साहेब आधी पांढरेफटक पडले, मग पोट धरून हसत सुटले. "आता तुम्हीच दुरुस्त करा बाई, मी बघून शिकतो!"

तीन आठवड्यांनी परवाना आला. फोटोत मावशींचे डोळे बटाट्याएवढे.

"आई, ही कोण घाबरलेली बया?" सुनेने विचारलं.

दोघी हसून हसून उंबऱ्यात बसल्या. मग मावशींनी चपला घातल्या आणि जेवणाआधी अकरा घरांची दारं वाजवली. काम काही नव्हतं, नुसता परवाना दाखवायचा होता.