चादरी धुणारी बाई

"आधी हात, मग तोंड!" असं म्हणत ती बाह्या कोपराच्या वर सारायची आणि घाण चादर पिंपात बुडवायची. आम्ही पुरुष काठीनं उचलायचो. ती हातानं.

तुमच्यापैकी जे कोकण सोडून इथं आल्यावर सुरुवातीच्या वर्षांत लोदच्या माबारात, नव्यानं आलेल्या आम्हा यहुद्यांच्या छावणीतल्या त्या पत्र्याच्या खोल्यांत राहिले, त्यांनी तिला पाहिलेली असणार. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत ती माझ्याबरोबर होती. अरब, पण ख्रिस्ती. अंगानं थोराड, एका डोळ्यानं तिरळी. मला "ए हिंदी" म्हणायची. तिची हिब्रू मोडकी, माझी तिच्याहून मोडकी, म्हणून आमचं बरं जमायचं. चांगली हिब्रू बोलणारे आम्हा दोघांशी बोलतच नसत.

वॉर्डात एक म्हातारा होता. त्याच्या अंगाला वास यायचा, नर्सासुद्धा लांबून बोलायच्या. बाई चादर बदलायला जायची आणि त्याचे केस विंचरून यायची. मी विचारलं, "तुझा कोण लागतो तो?"

"त्याच्याकडे कोणी येत नाही ना? मग माझाच."

"तुमचा पाद्री याचा वेगळा पगार देतो काय?"

ती खो खो हसली. "आमचा येशू लोकांचे पाय धुवायचा, हिंदी. माझ्या वाट्याला चादरी आल्या. उचल ते टोक."

मग आमच्या हिलाच क्षय निघाला. इस्पितळात खाट रिकामी नव्हती. सुया घ्या, घरी थांबा म्हणाले. आठवड्याच्या आत आळीनं आम्हाला नळ बंद केला. परके नव्हेत, आपलीच कोकणची माणसं. ज्यांच्या लग्नांत हिनं नारळ खवले, ती. हिचे सख्खे मामा आळीचे मोठे. मला म्हणाले, "जावईबापू, तिला नळावर पाठवू नका. तुमची बादलीही नको. लेकराबाळांची आळी आहे." मी सकाळी ड्यूटीला जायचो आणि ही त्या तापल्या पत्र्याखाली एकटी पडून असायची. तोंडात पाणी घालायला कोणी नाही.

मी लॉन्ड्रीत हिची लुगडी धुताना बाईनं पाहिलं. मी नळाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटली ती दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन आमच्या दारात. येऊन बसली ती सरळ स्टोव्हपाशी. हिला म्हणाली, "तुझं भांडं, तुझं मीठ. माझ्या घरचं तुला चालत नाही, ठाऊक आहे. दुधाचं भांडं कुठलं, मटणाचं कुठलं? तुमच्यात एकत्र चालत नाही ना?" एकदा दाखवलं, पुन्हा कधी चुकली नाही. आपल्या सुना अजून चुकतात.

मग एका संध्याकाळी मामा चारजणांना घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "ही ख्रिस्तीण पोरीला पाण्यात घालून बाटवणार."

ही कोपरावर उठली. अंगात जीव नव्हता, पण आवाज होता. "मामा, पाणी तुम्ही बंद केलंत. ही आणते तेवढंच पाणी घरात आहे, आणि ते मी पिते. मला कशात घालेल ती?"

बाईनं मला विचारलं, "काय म्हणतात?"

"म्हणतात, तू हिला ख्रिस्ती करशील."

तिनं पळी ढवळली. "आधी जेवू दे तिला."

मी म्हणालो, "मामा, उद्यापासून तुम्ही पाठवा कोणाला तरी चूल करायला. मग ही बाई येणार नाही." कोणी आलं नाही. ती येत राहिली.

ही उठली, हिंडायला लागली. एलियाहू हन्नाबी पैगंबराला गोड पोह्यांचा मलिदा नवसानं बोलली होती, तो केला. बाईलाही बसवलं. मामा ताटावरून उठून गेले, मागून दोघं गेले. त्यांच्या वाटचे पोहे-खोबरं बाईनंच खाल्लं. गूळ आणखी मागितला.

ही गेल्या हिवाळ्यात गेली. मधली सगळी वर्षं मला त्या बाईनं दिली, असं मी म्हणतो. सुयांनी दिली म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. भुकेनं मेली असती तर सुया कोणाला टोचल्या असत्या?

बाई मात्र फार आधी गेली. ताप लॉन्ड्रीतच भरला. शेवटी ही तिच्या उशाशी होती. तिची सगळी माणसं लढाईत सरहद्दीपलीकडे गेलेली. देवळात पाद्री आणि तीन म्हातारे. पेटी उचलायला चौथा माणूस नव्हता. मी बाहेर रस्त्यावर उभा. ख्रिस्ती देवळाची पायरी मी जन्मात चढलो नव्हतो. हिनं मला पाठीत ढकललं. "उभे काय राहिलात?"

मी आत गेलो. खांदा दिला. कबरीपर्यंत बदलला नाही, बदलायला होतं कोण?

परत आलो तर मामा नळापाशी चारजणांत उभे. मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "कुठं गेला होतात, जावईबापू?"

"घरचं माणूस पोचवायला," मी म्हणालो, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, नळ सोडून हातपाय धुतले.