तेविसावा करार

प्राचार्यांनी एक जाडजूड फाईल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "सर, बावीस एमओयू आहेत. यातला एखादा चालू होतो का, बघा ना."

एमओयू म्हणजे सामंजस्य करार. कंपनीने म्हणायचं, तुमच्या विद्यार्थ्यांना आम्ही काम शिकवू. कॉलेजने म्हणायचं, आम्ही आभारी आहोत. दोघांनी सह्या करायच्या आणि चहा प्यायचा. मी पानं उलटत गेलो. प्रत्येक करारामागे एक फोटो होता. फोटोत तेच प्राचार्य, तीच शाल, मागे नवा फ्लेक्स आणि समोर नवा पाहुणा. नारळ मात्र मला तोच वाटला. तीन फोटोंत त्याची शेंडी एकाच बाजूला कललेली होती. शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "हाव सर, थो कपाटातच राह्यते. पाहुणे नारळ टेबलावर ठेवूनच जातेत."

माझी ओळख सांगतो. बत्तीस वर्षं मी तेलविहिरी खोदल्या. निवृत्त होऊन नांदुऱ्याला घरी आलो, तर शेगाव रस्त्यावरच्या या कॉलेजने मला 'इंडस्ट्री एक्सपर्ट' म्हणून बोलावलं. इथे पेट्रोलियम इंजिनीअरिंगची शाखा आहे. का आहे, हे विचारायचं नाही. सगळ्यात जवळची तेलविहीर इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. आपल्याकडे जमिनीतून निघतं ते पाणी, आणि पूर्णेच्या काठाला तेही खारं.

फाईलमध्ये महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपाशी झालेला करारही सापडला. विद्यार्थ्यांनी तिथे दोन दिवस प्रशिक्षण घेतलं होतं. "हवा भरायलाही शिकले का?" मी विचारलं. प्राचार्य हसले नाहीत.

एक खरी मोठी कंपनीही होती. मी तिथे फोन लावला. ओळखीच्या साहेबांनी प्रेमाने चौकशी केली आणि विषय निघताच हात वर केले. विमा, सुरक्षा, गेट पास, वरून मंजुरी. "पुढच्या वर्षी नक्की," ते म्हणाले. फाईलमधलं चार वर्षांपूर्वीचं त्यांचं पत्रही 'पुढच्या वर्षी'चंच होतं.

कॉलेजात ड्रिलिंगचा एक सिम्युलेटर आहे. खऱ्या रिगवर बसल्यासारखं वाटावं म्हणून बनवलेलं यंत्र. रिग म्हणजे विहीर खोदायचा सगळा सांगाडा, पंप आणि मशीन. तर या सिम्युलेटरच्या स्क्रीनवर उद्घाटनाचं कुंकवाचं स्वस्तिक अजून ताजं आहे, कारण वरचं प्लास्टिक कोणी काढलेलंच नाही.

"बिघडला तर?" प्राचार्य म्हणाले.

"वापरला तर बिघडेल ना."

"तेच म्हणतोय मी."

हा सगळा तमाशा मी मजेत पाहिला असता, पण मधे प्रणाली गवई आली. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, वडील एसटीत वाहक. दीड महिन्याने एक ड्रिलिंग कंपनी मुलाखतींना येणार होती. मागच्या वर्षी याच कंपनीने आमच्या एकालाही घेतलं नव्हतं. यंदा तसंच झालं, तर पुढच्या वर्षी ती येणारच नव्हती.

"सर, मड म्हणजे नेमकं कसं असते?" तिने विचारलं. "पुस्तकातली व्याख्या येते मले. हातात घेतल्यावर कसं लागते, ते सांगा."

चौथ्या वर्षापर्यंत पेट्रोलियम शिकलेल्या मुलीने चिखल पाहिला नव्हता. मला तिची नाही, आमची लाज वाटली.

"यंदा नाही झालं तर काय करशील?"

"मामा म्हणतेत, बँकेच्या परीक्षा दे. बाबांनी मामाले दिवाळीपर्यंत थांबवलं हाय." मग जरा थांबून म्हणाली, "मले रिगवरच जायचं हाय, सर."

मी त्याच दुपारी वडनेर भोलजीला गेलो. तिथे सुखदेव तायडे म्हणून एक बोअरवाला आहे. आपल्याकडे खडकात हवेच्या दाबाने बोअर मारतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. पण पूर्णेच्या बाजूला जमीन गाळाची. तिथे हवेने मारलं तर भोक ढासळतं. म्हणून तायडे जुन्या पद्धतीने, चिखल फिरवून खोदतो. पंपाने पातळ चिखल पाइपातून खाली ढकलायचा, तो पाइपाच्या टोकाशी बिटजवळ, म्हणजे दाताजवळ, बाहेर पडतो, माती उचलतो आणि भोकातून वर येतो. वर खड्ड्यात माती बसते आणि चिखल पुन्हा खाली जातो. तेलविहीर याच रीतीने खोदतात. तो चिखल म्हणजेच मड. आम्ही त्याला नुसता इंग्रजीतला मान देतो.

तायडे एका जिनिंगच्या आवारात, आग विझवायच्या टाकीसाठी बोअर घेत होता. मी काम सांगितलं.

"पोरायले शिकवायचं? मले?" त्याने चिखलाचे हात पुसले. "मी नववी नापास हाय, सर."

"मग तू परीक्षा घेणार नाहीस. चांगलंच आहे."

"अन् पोट्टी बी येईन?"

"तीच पहिली येईल."

"येऊ द्या. पण चपला घालून येसान तर वापस धाडीन."

प्राचार्यांना ही कल्पना मानवली नाही. "बोअरवाला? सर, तपासणीला येणाऱ्या समितीला काय दाखवू? त्यांचं लेटरहेड आहे का? वेबसाईट?"

"शिक्का आहे. त्यावर मोबाईल नंबरही आहे."

"तुम्ही तुमच्या जबाबदारीवर न्या. रजिस्टरमध्ये आपण लायब्ररी लिहू."

अशा रीतीने शेवटच्या वर्षाच्या सव्वीसपैकी नऊ जण दर शनिवार-रविवारी, आणि सुट्टी सापडली की मधल्या वारीही, लायब्ररीत म्हणजे वडनेरला जाऊ लागले. बाकीच्यांनी नाकं मुरडली. इंजिनीअर होऊन बोअरवर कोण उभं राहणार!

पहिल्या दिवशी तायडेने मशीनला अगरबत्ती ओवाळली आणि नारळ फोडला. पाणी बिटवर शिंपडलं, खोबरं सगळ्यांना वाटलं. मी मुलांना सांगितलं, मोठ्या रिगवरही हेच करतात, फक्त हेल्मेट घालून करतात. मग त्याने प्रत्येकाला मडमध्ये कोपरापर्यंत हात घालायला लावला. "ताकावानी लागलं तं पातळ हाय. पिठल्यावानी लागलं तं घट्ट. मंधात पाह्यजे." प्रयोगशाळेत यासाठी एक यंत्र आहे. ते बंद आहे.

प्रणालीला त्याने वही दिली. किती पाइप खाली गेले, किती फुटांवर काय माती आली, मड किती घट्ट, सगळं तिने लिहायचं. ती लिहायची आणि प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारायची. तायडे वैतागायचा, पण उत्तर द्यायचा.

चौथ्या आठवड्यात खरा धडा मिळाला. खड्ड्यातला चिखल अचानक उतरू लागला. पंप चालू, मड खाली जातंय, वर काहीच येत नाही. खाली जाड वाळूचा थर लागला होता आणि तो सगळं पिऊन टाकत होता. तेलविहिरीत ही फार वाईट गोष्ट असते. मडच्या वजनाने खालचा गॅस दबून राहतो. मड उतरलं की गॅसला वाट मिळते, आणि मग माणसं पळत सुटतात. मी तशा पळणाऱ्यांत एकदा होतो.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रणाली ओरडली, "भाऊ, पाइप वर घ्या! पंप हळू करा!"

तायडेने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पाइप तळापासून वर घेतले, फिरते ठेवले, पंप हळू केला. तळाशी थांबलं असतं तर वाळू ढासळून पाइप तिथेच अडकले असते. प्रणाली खड्ड्याच्या काठावर, आत काठी धरून बसली. दर मिनिटाला किती बोटं उतरतंय, ते सांगत राहिली. तायडे शेजारच्या तेल मिलमधून सरकीच्या टरफलांची पोती घेऊन आला आणि मडमध्ये थोडीथोडी सोडू लागला. टरफलं वाळूच्या फटींत जाऊन बसली. तासाभरात मड वर येऊ लागलं.

"हे कोणी शिकवलं तुम्हाले?" प्रणालीने विचारलं.

"बापानं. थो शेण बी टाके. पण मंग बोअरच्या पाण्याले वास येते."

मला हसू आलं. परदेशी कंपन्या हीच टरफलं सुबक पोत्यांत भरून, वर इंग्रजी नाव छापून आम्हाला पाठवायच्या.

मुलाखतीला तीन दिवस उरले असताना प्राचार्यांनी सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. करारातल्या एका 'पार्टनर'ने ती ईमेलने पाठवली होती. चार आठवड्यांचं रिगवरचं प्रशिक्षण, सव्वीस जणांचं, रंगीत छपाई. मुलाखतीला असं प्रमाणपत्र लागणारच होतं. मी त्यावरचा रिगचा नंबर वाचला आणि डोक्याला हात लावला.

"साहेब, ही रिग मीच भंगारात काढली होती. कागदावर माझी सही आहे."

"कोण एवढं बघतंय, सर?"

प्रणालीने प्रमाणपत्र टेबलावर परत ठेवलं. "मले हे नको, सर."

"मग बसू देणार नाहीत तुला. नियम आहे."

"माझ्याकडं तायडेभाऊचं पत्र हाय."

प्राचार्य माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही समजावा हिला. हिचंच नुकसान आहे."

समजावता आलं असतं. खरं सांगतो, क्षणभर वाटलंही, घे बाई, रंगीत आहे तर घे. तिच्या घरी दिवाळी मोजून ठेवलेली होती. पण मी समजावलं नाही, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मुलाखतीला कंपनीचे एक ज्येष्ठ ड्रिलिंगवाले आले होते. हिंदी बोलणारे, शांत. कॉलेजतर्फे मी कोपऱ्यात बसलो होतो. नावांची यादी माझ्याकडे होती, आणि नियम असूनही प्रणालीचं नाव मी त्यात ठेवलं होतं. पहिल्या मुलाने प्रमाणपत्र पुढे केलं. साहेबांनी नंबर वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"इस रिग पे थे आप? कैंटीन कैसी थी?"

"अच्छी थी, सर."

"खाने में क्या मिलता था?"

"पोहे, सर."

पुढच्याला त्यांनी विचारलं, रिगचा रंग कोणता. तो म्हणाला पिवळा. त्याच्या पुढचा म्हणाला निळा. अशी भंगारातली रिग दुपारपर्यंत चार रंगांची झाली. साहेब सगळं लिहून घेत होते. चेहऱ्यावर काही नाही.

प्रणाली आली. तिने तायडेच्या शिक्क्याचं पत्र आणि चिखलाचे डाग पडलेली वही ठेवली.

"सर्टिफिकेट?"

"नहीं है, सर. बोअरवेल पे सीखा."

साहेबांनी वही उघडली. एकेक पान बोट फिरवत वाचलं. मग एका पानावर थांबून विचारलं, "यहाँ मड वापस नहीं आया. क्या किया?"

तिने क्रमाने सांगितलं. पाइप वर घेतले, फिरते ठेवले, पंप हळू केला, खड्डा मोजला, मग टरफलं टाकली. हिंदी तिची आमच्याच वळणाची. मधेच ती म्हणाली, "पहले मैं डर गई थी, सर."

"कौन," साहेब म्हणाले, "नहीं डरता?" आणि वही मिटून त्यांनी ती स्वतःच्या बॅगेजवळ ठेवली. मग लक्षात आलं, तशी परत दिली.

दोघांची निवड झाली. प्रणाली, आणि वडनेरला येणाऱ्यांपैकीच आणखी एक मुलगा. त्यानेही रंगीत कागद खिशातच ठेवला होता. प्रणालीच्या वडिलांनी मला फोन केला. "सर," एवढंच म्हणाले, आणि मागे गाडीची घंटी वाजत राहिली. माझेही डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठवड्याभरात गेटवर फ्लेक्स लागला. 'आमच्या इंडस्ट्री पार्टनरशिपचे घवघवीत यश.' त्यावर प्राचार्य होते, बंद सिम्युलेटर होता, पेट्रोल पंपवालेही होते. तायडे नव्हता. मी विचारलं, तेव्हा प्राचार्यांना फारच वाईट वाटलं आणि त्यांनी लगेच तेविसावा करार ठरवला.

तायडे धुतलेला शर्ट घालून आला. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. त्याने विचारलं, "मंग पुढची पोरं कधी धाडता?" प्राचार्य म्हणाले, ते नंतर बघू, आधी चहा घ्या. तायडेचं मशीन थांबलेलं होतं. तो चहा न घेता निघाला, आणि आपल्याला दिलेला नारळ आपलाच, अशा भाबड्या समजुतीने नारळ सोबत घेऊन गेला. शिपाई त्याच्यामागे फाटकापर्यंत धावला, पण गाडी गेली होती.

दुसऱ्या दिवशी वडनेरला नवी बोअर सुरू व्हायची होती. मी आणि प्रणाली गेलो होतो. तायडेने अगरबत्ती ओवाळली आणि तोच नारळ मशीनपुढच्या दगडावर आपटला.

आत पाण्याचा थेंब नव्हता. खोबऱ्याचा काळपट गोटा तेवढा खडखडत बाहेर पडला.

तायडेने तो उचलून हातात फिरवला. "सर, हे नारळ कितीक वर्साचं हाय?"

"बावीस करारांचं," मी म्हणालो.

मग त्याने हाताखालच्या एकाला गावात पाठवून दुसरा नारळ आणवला, आणि बोअर सुरू झाली. तेव्हापासून कोणी मला एमओयू दाखवला की मी सह्या वाचत नाही. नारळ कानाशी धरून हलवून पाहतो.