फुल तिकिटाचा पंखा

विमानाचा लाकडी पंखा खांद्यावर घेऊन राजश्री तळभंडारे वैरागच्या स्टँडवर एसटीत चढली, तेव्हा कंडक्टर आधी पंख्याकडं बघत राहिला, मग तिच्याकडं.

"काय हाय हे, ताई?"

"विमानाचा पंखा."

"आन् विमान कुटंय?"

"शेडमध्ये. बसलंय गप."

"ह्याला तिकीट लागंल की!"

"फुल काढा. पण धक्के नका देऊ त्याला."

राजश्री सोलापुरात भवानी पेठेत टीव्ही, इन्व्हर्टर, यंत्रमागांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करते. वैरागचे आडते मानसिंगदादा म्हणजे तिचं जुनं गिऱ्हाईक. हौसेखातर विमान चालवायचा परवाना काढलेला माणूस. त्यांनी सुट्या भागांचं किट मागवलं आणि गावाबाहेरच्या माळावरच्या शेडमध्ये दोघं मिळून दोन सीटचं विमान जोडू लागले. पत्रा त्यांचा, वायरी हिच्या. उंची, वेग, दिशा, इंजिनाची गरमी, सगळं एकाच स्क्रीनवर दिसायचं. आणि नेमकी तीच स्क्रीन दगा देत होती. इंजिन हळू फिरत असलं, सांगाडा थरथरत असला आणि अशात रेडिओचं बटण दाबलं, की कधीतरी ती काळी व्हायची. क्षणभरच. मग जणू काही घडलंच नाही. राजश्रीनं हे कितीदा तरी पाहिलं होतं. मानसिंगदादांसमोर एकदाही झालं नव्हतं.

"तुला बघून लाजती ती," ते हसायचे.

"दादा, एक दुपार बसा माझ्यासोबत. तुम्ही बटण दाबून स्क्रीन बघत राहा, मी खाली शिरून एकेक वायर हलवते. खालून मला स्क्रीन दिसत नाही."

"बसू की. रविवार तर हू दे."

रविवारीच तर उडायचं होतं! परवानगी आली आणि दोस्तमंडळींनी चौकात फ्लेक्स चढवला. गॉगल घातलेले मानसिंगदादा, मागं ढग, वर 'गगनवीर', खाली तारीख. उडायच्या आधीच सत्कार ठरला, फेटा, सोलापुरी चादर, भाषणं. शनिवारी राजश्रीनं तो फ्लेक्स पाहिला, शेडवर गेली आणि पाना उचलला.

घरी येसूबाई, तिची आई, दारातच आडवी आली.

"कुणाचं हाय गं हे?"

"मानसिंगदादांचं."

"त्यास्नी ठावं हाय?"

"नाही."

"म्हंजे चोरी केलीस?"

"व्हय."

रविवारी सकाळी मानसिंगदादा लाल फेट्यासकट दारात.

"पंखा दे."

"नाही."

"अगं, मांडव पडलाय! माणसं यायला लागल्यात. चौकात फोटो लागलाय माझा!"

"तोच फोटो परत लावतील, दादा. हार घालून. फ्लेक्सवाल्याला काय, एक ओळच बदलायची."

मानसिंगदादांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. "वर गेल्यावर स्क्रीन बंद पडली तर डोळे हायत की मला!"

"आणि उतरताना वेग कुणाला विचारणार? फेट्याला?"

"स्क्रीन नवीकोरी हाय."

"असू दे. जोड माझ्या हातचे आहेत आणि माझाच त्यांच्यावर भरवसा नाही. पोलिसांत जा, नाहीतर दारात उपोषणाला बसा. पंखा मिळणार नाही."

येसूबाई पंख्याला पाठ लावून बसली. "आधी च्या घ्या, दादा. भांडान मागनं."

मानसिंगदादा बाजेवर टेकले. "लोकांस्नी काय सांगू मी?"

"तुम्ही नका सांगू. माईक मला द्या."

वैरागला मांडवात तिनं माईक घेतला आणि सरळच सांगितलं, "विमान आज उडणार नाही. मी उडू देत नाही. शिव्या द्यायच्या तर मला द्या, दादांना नको. जेवण तयार आहे, जेवून जा."

मागून कुणीतरी ओरडलं, "घाबरली बाई!"

"व्हय, घाबरले! ज्यानं वायरी जोडल्या त्यानंच घाबरायचं असतं. तुम्हाला काय, टाळ्याच वाजवायच्यात!"

पंगती उठल्या, मांडव ओस पडला. मानसिंगदादा फेटा काढून, तोंड फुगवून शेडमधल्या विमानात बसले. राजश्री पाठीवर सरपटत पॅनेलखाली शिरली.

"दाबा बटण."

"दाबलंय."

"आहे स्क्रीन?"

"हाय."

तिनं पुढची वायर हलवली.

"हाय. हाय. अगं हाय की, किती येळ..."

राजश्रीची बोटं वायरवर थबकली.

"दादा?"

"गेली," मानसिंगदादा हळूच म्हणाले. "समदी काळी. उंची न्हाय, वेग न्हाय... कायच न्हाय गं."

"बटण सोडू नका!" राजश्री खालून ओरडली. "वायर सापडलीय मला. धरून ठेवलीय."