बाबांनी दाखवलेला रानपिंगळा

रस्त्यात लिंबू-मिरची दिसली तर मुद्दाम तिच्यावर पाय देऊन जाणारी मी बाई, हे आधीच सांगते. राजापेठेत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. "मॅडम, भूत असते का?" असं विचारणाऱ्या पोराला मी भुताचं शास्त्रीय नाव विचारते... त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटतेय. पण लिहिणार, कारण गोष्ट माझ्या बाबांची आहे.

बाबा वनरक्षक होते. मोर्शीच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी राखीव जंगल आहे, तिथे त्यांनी अख्खी नोकरी पायी काढली. दरवर्षी दसरा झाला, गवत पिवळं पडलं की तिथे पक्षी-प्राणी बघत सकाळची फेरी निघते. रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर शेख सर ती चालवतात. त्यांच्या रजिस्टरचा नियम कडक — दोघांनी पाहिलं तरच नोंद. एकट्याने पाहिलात तर वाघ असला तरी घरी जाऊन सांगा!

काही वर्षांपूर्वी बाबांना तिथे रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड, दिसला. साधा पिंगळा गावातही असतो. हा दुर्मीळ, दिवसा शिकार करणारा, आणि त्या भागात कुणीच पाहिलेला नव्हता. पाहणारे एकटे बाबा. शेख सरांनी नोंद लाल पेनने खोडली. तेव्हापासून चेष्टा सुरू — "काय पिंगळेसाहेब, आज काय दिसलं?" बाबा वरवर हसायचे. आयुष्यभर खोटं न बोललेला माणूस, आतून फार दुखावला होता.

पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे गेले. समोर कोण उभं आहे ते आता आवाजावरून ओळखतात. मागच्या ऑक्टोबरमध्ये म्हणाले, "मले ने एकदा फेरीले. शेवटची."

"बाबा, दिसणार काय तुम्हाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पायाले तं दिसते नं!"

नेलं. आम्ही सातजण होतो. सकाळचे साडेआठ, उन्हाचा चटका सुरू झालेला. बाबांचा हात माझ्या खांद्यावर. नाल्याच्या वळणावर त्यांनी खांदा एकदम दाबला.

"थांब माय. डाव्या हाताले दोन साग हायेत. मांगच्याच्या दुसऱ्या फांदीवर पाह्य... रानपिंगळा बसून हाय. उजव्या पायाखाली सरडा धरला त्यानं."

मी दुर्बीण लावली. नुसती पानं! मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि माझे कान तापले. पुन्हा हसं होणार बाबांचं, आणि आणलं मीच...

तेवढ्यात वाऱ्याने पान हललं. पांढरं पोट, शेपटीवर जाड पट्टे. रानपिंगळाच! मी धडाधड फोटो काढले. शेख सरांनीही त्यांच्या दुर्बिणीतून पाहिला. मग तो उडाला.

पाय मात्र आम्हा कुणालाच दिसले नव्हते, पानाआड होते. शेख सरांनी माझा कॅमेरा घेऊन एकेक फोटो मोठा करून पाहिला. एकाच फोटोत पान बाजूला झालेलं होतं. उजवा पंजा, त्याखाली सरडा, शेपूट खाली लोंबत असलेली. सर तिथेच दगडावर बसले.

"काका, माफ करा मले. तवाही खरंच असन तुमचं."

"माफी कायची सर? नियम बराबर हाय तुमचा. लिवा आता."

मी स्पष्टीकरणं शोधून थकले. आवाज ऐकला असेल? पक्षी ओरडलाच नव्हता. जागा ओळखीची? असेल, पण सरडा? आणि उजवाच पाय? तिसऱ्या दिवशी डोळ्यांची तपासणी होती. डॉक्टरांनी हातभर अंतरावर बोटं धरली. "किती?"

"नाई दिसत," बाबा म्हणाले. अगदी खुशीत!

घरी मी त्यांना खोदून खोदून विचारलं. "दिसला म्हून सांगतलं," एवढंच उत्तर. वर चहा मागितला.

दिवाळीनंतर क्लासमध्ये पडद्यावर तो फोटो लावला. "मॅडम, तुम्ही शोधला?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"फोटो मी काढला. शोधला माझ्या बाबांनी."

"पण त्यांना तर दिसत नाही नं? मग कसा?" बाबांचे डोळे गेल्याचं वर्गाला ठाऊक होतं.

पुराव्याशिवाय एक वाक्य बोलू न देणारी मी, साठ पोरांसमोर खडू हातात धरून उभी होते. "माहीत नाही," म्हणाले. वर्गात हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले, आणि उच्चारताना माझा ऊर अभिमानाने भरून आला होता.