बोर्डावरचा जवळा

जुना बोर्ड घासायला घेतला की पहिल्या रंगाखालून दुसरा निघतो, दुसऱ्याखालून तिसरा. किश्श्यांचंही तसंच. एक खरवडायला जावं तर खाली चार बसलेले! मी दिघीच्या जेट्टीजवळ बोर्ड रंगवतो. शिक्षण सातवी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. इंग्रजी अक्षरं मला चित्रांसारखी येतात. बदक काढावं तसा मी 'एस' काढतो. फ्लेक्स आले तेव्हा वाटलं, आता ब्रश गुंडाळून ठेवावेत. पण मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना हातानं रंगवलेले बोर्डच आवडायला लागले. फेरीबोटीतून गाडी उतरली की आधी बोर्डाचा फोटो, मग जेवायला काय आहे ते विचारणार!

तर या सगळ्या गोष्टी एका एवढ्याशा खुणेच्या. इंग्रजीत 'एस'च्या आधी वर लोंबकळतो ना, तो स्वल्पविराम. राऊत सर त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. मला तो सुकवलेल्या जवळ्यासारखा दिसतो, त्या पिटुकल्या कोळंबीसारखा बारीक, वाकडा. म्हणून आमच्याकडे त्याचं नाव जवळा. आणि या जवळ्यापायी हिरावहिनीची चूल तिची राहते की जाते, अशी वेळ आली होती. ते सांगतोच, पण आधी बाकीचे.

*

राऊत सर म्हणजे हायस्कूलचे इंग्रजीचे रिटायर्ड सर. सकाळी फिरायला निघतात ते छत्री घेऊनच, पाऊस असो नसो. छत्री बोर्डावर आपटायला लागते. एकदा मी 'कोल्ड्रिंक्स' लिहून शेवटच्या 'एस'ला झकास जवळा लटकवला. आपटली छत्री!

"अरे गाढवा, ही खूण मालकी दाखवते. अनेकवचनाला लावत नाहीत. कोल्ड्रिंकच्या मालकीचं काय असतं रे?"

"गॅस, सर!"

सर आठवडाभर माझ्याकडे चहाला आले नाहीत.

*

नझीरभाई कुवेतहून कायमचे परत आले आणि घरामागच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला लागले. मला म्हणाले, "पेंटर, 'रूम्स'वर दोन जवळे टाक. एकात मजा नाय. तिकडं हर दुकानावर असतो."

म्हटलं, भाई, दोन कशाला, हात सैल सोडतो! 'रूम्स'वर टाकला, 'बाथरूम्स'वर टाकला, 'फॅमिलीज'वर टाकला. थोडा रंग उरला, तो मोबाईल नंबरवर टाकला!

सर आले. छत्री वर गेली. "नझीर, यातला एकही बरोबर नाही."

"सर, भिंत कुणाची?"

"तुझी."

"खोल्या कुणाच्या?"

"तुझ्या."

"मग मालकी झाली ना? राहू द्या."

सरांची छत्री तशीच हवेत राहिली. ते गेल्यावर नझीरभाई भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "तिकडं खाटसुद्धा पाळीनं मिळायची, पेंटर. मी उठलो की दुसरा झोपायचा, गादी गार व्हायच्या आत."

मी नंबरवरचा तेवढा पुसला. बाकीचे अजून आहेत.

*

धर्मा नाखवानं नवी बोट बांधली. तिच्यावर त्याला इंग्रजीत हवं होतं, 'धर्माज प्राइड'. बोट पाण्यात ढकलायला सगळे जमले आणि छत्री आपटली. "नको तिथे लावतोस, आणि इथे हवी तर इथे नाही!"

विसरलो होतो. पण चारचौघांत विसरलो म्हणणारा मी न्हाय! म्हटलं, "सर, ती तीट हाय. बाळाला लावतो तशी. पेंटरनं लावायची नसते. ज्याचं हाय त्यानं स्वतःच्या हातानं, अगदी शेवटी."

एवढं बोलून हसू लपवायला डब्यात तोंड घातलं. वर बघतो तर धर्मा चपला काढून, डोक्याला रुमाल बांधून पुढे उभा! नारळ फोडला, जवळा लावला. त्या मोसमात त्याची जाळी भरभरून आली. संपलं!

म्हसळ्याचा मेडिकलवाला मुहूर्त काढून आला. तळा गावचा टेलर बायकोला घेऊन आला, दोघं लग्नातल्या कपड्यांत. "पेंटर, जोडीनं लावायचा का?"

म्हटलं, "ब्रश एकच हाय, हात दोघांचे लावा!"

सर भडकले. "व्याकरणाला नारळ फोडता? लाज नाही वाटत?" मग माझ्या टपरीत बसले. छत्री मांडीवर आडवी घेतली. "सगळं आयुष्य फळ्यावर ही खूण काढली रे. पोरं दुसऱ्या दिवशी विसरायची. तुझी थाप मात्र कुणी विसरत नाही."

मी चहा पुढे केला.

*

हिरावहिनी धर्माच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ काविळीनं गेला, तेव्हापासून ती घरच्या ओट्यावर चूल मांडून पाहुण्यांना जेवू घालते. तिच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण खाता खाता लोकांची फेरी चुकते. तिनं बोर्ड सांगितला, 'हिराज किचन'. सरांनी तिला समजावलं, "हा जवळा म्हणजे आपला चा-ची-चे. हिराचं किचन."

"म्हंजे माझं?"

"तुझंच."

"घरात असं अजून कुनी म्हटलं न्हाय, सर."

धर्माला ते कळलं. तो टपरीवर आला. वाईट माणूस नव्हे. भाऊ गेल्यावर हिराला त्यानं काही कमी पडू दिलं नाही. म्हणाला, "पेंटर, नाव तिचंच राहू दे, गिऱ्हाईक नावाला येतं. पन ओटा घराचा हाय. जवळा मी लावनार."

म्हणजे चूल कधी पेटवायची, कधी बंद ठेवायची, मासळी कुणाकडून घ्यायची, सगळं तो ठरवणार. जवळा कुणाच्या हातचा ते गावानं पाहिलं की कायमचं ठरलं! माझीच थाप माझ्या अंगावर आली. म्हटलं, "अरे धर्मा, ती थाप होती."

धर्मा हसला. "आता थाप म्हनतोस? माझी बोट काय थापंवर चालते?"

*

बोर्ड टांगला. सर, नझीरभाई, अर्धी जेट्टी हजर. हिरावहिनी चुलीपाशी खाली मान घालून भाकऱ्या थापत होती. धर्मा इस्त्रीच्या शर्टात. मी ब्रश काळ्या रंगात बुडवला, निथळवला, पुन्हा बुडवला. उशीर तरी किती करणार?

धर्मानं हात पुढे केला, मग मागे घेतला. ओट्यावर त्याची म्हातारी आई बसली होती. "आये, तूच लाव. घरातली मोठी तू."

म्हातारीनं ब्रश घेतला आणि मला विचारलं, "कशाला लावतात रं, पेंटर?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. म्हटलं, "ज्याचं हाय त्याला नजर लागू नये म्हणून, आये."

म्हातारीनं बोर्डाकडे पाहिलं. धर्माकडे पाहिलं. मग भिंतीचा आधार घेत चुलीपाशी गेली, सुनेची हनुवटी धरून तोंड वळवलं आणि तिच्या कानामागे ऑइल पेंटचा ठसठशीत ठिपका लावला.

हिरावहिनीच्या हातावरची भाकरी हातावरच राहिली.

म्हातारी परत आली, ब्रश धर्माच्या हातात दिला. "धुवून ठेव. सुकंल."

धर्मा गेला टर्पेंटाईन शोधायला!

तेवढ्यात फेरी लागली. पाहुणे वर आले, बोर्डाचे फोटो काढायला लागले. मी सरांच्या कानाशी लागलो, "सर, बोर्डावर जवळा लावायचा राहिला."

सरांनी हिरावहिनीकडे पाहिलं, छत्री हळूच जमिनीला टेकवली.

"कुठे राहिला?"