टाकीचं झाकण

गाडी कुठेही थांबली की साळवे सिस्टर सगळ्यांच्या आधी खाली उतरत, वळसा घालून मागच्या बाजूला जात, डिझेलच्या टाकीचं झाकण उघडत आणि कान त्या भोकाजवळ नेऊन क्षणभर उभ्या राहत. मग झाकण लावून रुमालाला हात पुसत. लग्नाचा मांडव असो, भाजीबाजार असो की कुणाचं मयतीचं घर असो, हे चुकत नसे. गाडीत कुणी नवखं असलं की हमखास विचारायचं, "सिस्टर, काय ऐकताय?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "माझी अक्कल ऐकू राह्यले, बाबा."

माणसं हसत. मला हसू येत नसे, कारण त्या कान लावण्यामागचं सगळं मी जवळून पाहिलं होतं.

बदनापूरला त्यांची माझी भिंत एक. मी इथल्या शाळेत शिकवते. त्या केदारखेड्याकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होत्या. आठवडाभर तिकडे राहत आणि शनिवारी घरी येत. त्यांचे मालक शिक्षक होते, ते गेले आणि मागे एक जुनी पांढरी डिझेल गाडी ठेवून गेले. सिस्टरांनी ती विकली नाही. "गुरुजींनी दुसरं काय ठेवलंय? पुस्तकं आन् ही." पुस्तकं त्यांनी विहाराला दिली आणि गाडीला कामाला लावलं. सरकारी अँब्युलन्स दुसऱ्या फेरीवर गेलेली असली की अडलेल्या बाईला जालन्याला न्यायला हीच गाडी निघे.

कळा देणाऱ्या बायका त्यांना टरकून असत आणि त्यांच्याशिवाय कुणाचा हातही धरत नसत. एखादी बाई ओरडता ओरडता सासूचा उद्धार करू लागली की सिस्टर तिच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणत, "श्वास घे आधी. भांडण मंग कर, मी बी येते तुझ्या बाजूनं." सासू तिथेच उभी असे. तीही हसायची.

एक खोड मात्र होती. सिस्टरांना कुठलीही वस्तू गळलेली, सांडलेली, उघडी राहिलेली खपत नसे. आणि त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर एकच इलाज होता, दवाखान्यातला रबरी हातमोजा आणि पांढरी चिकटपट्टी. लोणच्याच्या बरणीला हातमोज्याचं रबर, नळाच्या तोटीला हातमोज्याचं रबर. माझ्या मुलीच्या डब्यातून वरण गळायचं, तर त्या झाकणालाही त्यांनी आतून एक चकती कापून बसवली. डबा पुन्हा कधी गळला नाही. तो उघडायला मात्र शाळेच्या शिपायाला बोलवावं लागे.

गाडी दूरच्या फेरीला दगडूभाऊ चालवत. उपकेंद्राजवळच्या वस्तीवरचा हा माणूस, सिस्टरांपेक्षा वयाने मोठा, बोलायला अगदी कमी. सिस्टर त्यांना अहो-जाहो करत आणि ते सिस्टरांना. इतक्या वर्षांच्या सोबतीत दोघांच्या गप्पा रस्ता, पाऊस आणि कुणाला कितवा महिना यापलीकडे गेल्या नसाव्यात. पण रस्त्यावर खड्डा आला की मागच्या सीटवरच्या बाईच्या पोटाला धक्का बसू नये म्हणून दगडूभाऊ गाडी अशी काही उतरवत, की सिस्टर म्हणायच्या, "दगडूभाऊंच्या हातात निम्मं बाळंतपण हाये."

मग गाडीत डिझेलचा वास येऊ लागला. आधीच मळमळणाऱ्या बायका राजूर येईपर्यंत उलट्या करून बेजार होत. सिस्टरांनी टाकीचं झाकण तपासलं. त्याला एक बारीक भोक होतं. वास इथूनच येतो असं त्यांनी ठरवलं, भोकावर चिकटपट्टी लावली आणि झाकणाच्या आत हातमोज्याची दुहेरी चकती घट्ट बसवली. वास गेला. सिस्टर खूश.

त्यानंतर काही दिवसांतच गाडीने दम सोडायला सुरुवात केली. निघताना चांगली पळे, मग हळूहळू ओढ कमी होई, चढाला तर अॅक्सिलेटर तळाला टेकवला तरी बैलगाडीसारखी चाले. चहाला थोडा वेळ थांबलं की पुन्हा बरी. सिस्टरांनी आपल्या परीने निदान केलं. त्या स्वतः जालन्यात थोडंसं डिझेल टाकून बदनापूरला येत, तेव्हा गाडी काही करत नसे. दगडूभाऊ तिकडे टाकी गच्च भरून निघत आणि गाडी मधेच मान टाके. म्हणजे दोष डिझेलचा. आणि डिझेल भरणारे कोण, तर दगडूभाऊ. तेव्हा त्या हे फक्त माझ्यापाशी बोलल्या होत्या. मीही मान डोलावली होती. मला गाडीतलं काय कळतंय?

पुढचा प्रसंग सिस्टरांनी मला इतक्यांदा सांगितला, की मी तिथे नव्हते असं आता वाटतच नाही. सांगताना त्या स्वतःला दर वेळी आणखी थोडं वाईट ठरवत. दुपारची वेळ. वस्तीवरची मंगल नावाची मुलगी, पहिलटकरीण, बाळ आडवं. टाकी गच्च भरलेली. राजूरच्या पुढे गाडी रडू लागली. मागे मंगल ओरडतेय, तिची आई देवाचं नाव घेतेय, आणि गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने चाललीय. दगडूभाऊंनी एकदा थांबवून बॉनेट उघडलं, मागे जाऊन टाकी बघितली, परत बसले. त्यानंतर गाडी कशीबशी नव्हे, चांगली पळाली. पण वेळ गेला होता. दवाखान्यात पोचल्याबरोबर मंगलला आत घेतलं. बाळ वाचलं, मंगलही वाचली. पण ते कळेपर्यंत जो वेळ गेला, त्या वेळात सिस्टर बाहेर अंगणात दगडूभाऊंवर उसळल्या.

"काय भरलं व्हतं रे टाकीत? कुठून आणलं? दोन जीव व्हते मागं! चोरीचं भेसळीचं डिझेल भरतू अन् वरून तोंड बंद करून गाडी चालवतू!"

मंगलचे घरचे, दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, चहावाला, सगळे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दगडूभाऊंना अरे-तुरे केलं होतं. दगडूभाऊंनी काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. चावी बॉनेटवर ठेवली आणि ते फाटकातून निघून गेले. वस्तीवर ती गोष्ट त्यांच्या आधी पोचली. थोड्याच दिवसांत ते आष्टीला मेव्हण्याकडे निघून गेले, तिथे बाजाराचा माल वाहणारी पिकअप चालवू लागले.

दगडूभाऊ गेले, पण गाडीचं दुखणं गेलं नाही. मिस्त्रीने फिल्टर बदलला, पाणी काढलं, टाकीतली जाळी धुतली, रबरी नळ्या पाहिल्या. तपासायला टाकी उघडली की गाडी लगेच बरी. सिस्टर वैतागून म्हणत, "गॅरेजात शहाणी अन् रस्त्यावर येडी. माहेरी गेलेल्या पोरीवानी करू राह्यली." वरवर थट्टा चालायची, पण दगडूभाऊ नसतानाही गाडी तशीच मान टाकते, हे त्यांना दिसत होतं आणि त्यांची झोप उडाली होती.

उलगडा जालन्याच्या दवाखान्यात झाला, एका बाईला वॉर्डात पोचवायला गेल्या असताना. एका नव्या नर्सने औषधाची काचेची बाटली लावली होती आणि थेंब मधेच अडले होते. असल्या कडक बाटलीच्या बुचात हवेची वेगळी सुई खुपसावी लागते. आत हवा गेली नाही तर बाहेर औषध येत नाही. सिस्टर दारातूनच ओरडल्या, "अगं, हवेची सुई कोण लावणार? बाटलीला श्वास नको का?" आणि बोलता बोलता खिडकीतून बाहेर उभ्या गाडीकडे बघू लागल्या.

त्या शनिवारी त्यांनी मला गाडीत बसवलं. आधी टाकी गच्च भरली, म्हणजे आत हवा थोडीच उरावी, आणि चकती आणि पट्टी तशीच ठेवली. जालना सोडून बरंच पुढे गेल्यावर गाडीने मान टाकली. सिस्टर उतरल्या. झाकण फिरवलं. फुस्स करून आवाज आला, टाकीने केव्हाचा कोंडलेला श्वास घेतल्यासारखा. तिथून गाडी पळाली. मग त्यांनी चकती काढली, पट्टी सोलली, पुन्हा टाकी भरली आणि आम्ही त्याच रस्त्याने गेलो. चढ आला, गेला. गाडीने हूं की चूं केलं नाही. सिस्टरांनी ती बाजूला घेतली आणि स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागल्या. "हजार बाटल्यांना सुई लावली गं मी. हजार. अन् दगडूभाऊंना चोर म्हणले."

दुसऱ्याच दिवशी आम्ही आष्टीला गेलो. बाजाराच्या कडेला दगडूभाऊ गोण्या उतरवून घेत होते. सिस्टरांनी सगळं सांगितलं. चकती, पट्टी, बाटली, काही लपवलं नाही. हात जोडले. दगडूभाऊ खाली बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मला एकट्याला म्हणल्या असत्या तर इथंच मिटलं असतं. ज्यांच्यापुढं म्हणल्या, त्यांच्यापुढं म्हणा."

"बराबर हाये," सिस्टर म्हणाल्या.

आणि त्या खरंच गेल्या. दवाखान्याच्या अंगणात, चहावाल्याकडे, ड्रायव्हरांच्या घोळक्यात. वस्तीवर तर मीही सोबत होते. मंगलच्या ओट्यावर माणसं जमवून त्या उभ्या राहिल्या, हातात ती रबरी चकती धरून. "डिझेल चांगलं व्हतं. दगडूभाऊ बिलकुल चांगले. टाकीचा गळा मी आवळला व्हता. मंगलला जे झालं ते माझ्या हातानं." एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या सिस्टर, झालं गेलं." त्या म्हणाल्या, "तुमचं गेलं असंल बाबा. माझं न्हाई गेलं." मंगलने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. सिस्टरांनी त्याला धरलं, पण नेहमीसारखं वर उचलून खेळवलं नाही.

सगळ्यांना सांगून झाल्यावर त्यांनी दगडूभाऊंना फोन केला. पलीकडून एवढंच आलं, "कळालं, सिस्टर." ते परत आले नाहीत. सिस्टरांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मात्र आले, मागे उभे राहिले, हार न घालता निघून गेले. सिस्टरांनी त्यांना पाहिलं होतं. "अजून राग हाये त्यांच्या मनात. असायलाच पायजे," एवढंच त्या म्हणाल्या. चकती काढली तेव्हापासून झाकण उघडून कान लावायचं व्यसन लागलं ते लागलंच. झाकण नवं होतं, त्याला भोक होतं, आवाज यायचं कारणच नव्हतं. मी एकदा चिडून म्हटलं, "बस करा आता, किती दिवस स्वतःला टोचून घेणार?" त्या म्हणाल्या, "अगं, बाकीचं विसरू राह्यले मी हल्ली. हे एक तरी ध्यानात राहू दे."

यंदाच्या थंडीत त्या गेल्या. चार दिवसांचं साधं आजारपण, घरातच. पुण्यानुमोदनाला अंगणात मांडव टाकला होता. त्रिशरण झालं, मग एकेक जण उठून त्यांच्याबद्दल बोलू लागला. मंगल बोलली, तिचा मुलगा तिच्या पदराला धरून उभा होता. मी पाणी आणायला मागच्या बाजूला गेले, तर गाडीपाशी दगडूभाऊ उभे. टाकीचं झाकण हातात, कान भोकाजवळ.

मला पाहून दचकले. मी म्हटलं, "सिस्टर असंच करायच्या."

"ऐकलं मी लोकांकडून," ते म्हणाले. झाकण दोन्ही हातांत फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघताच बोलू लागले. "बाई, त्या दिवशी राजूरच्या फुडं मी टाकी उघडली न्हाई का? तवाच फुस्स झाल्तं. गाडी मंग पळाली. मला कळालं व्हतं, दोष झाकणात हाये म्हणून. दवाखान्यात गेल्यावर सिस्टरांना तेच सांगणार व्हतो. तोंड उघडलं, तर त्या अरे-तुरेवर आल्या. मंग म्हणलं, न्हाई सांगत. कळू दे त्यांचं त्यांना. फिरू दे तशीच."

त्यानंतर कितीतरी दिवस ती गाडी तशीच फिरली होती, तशाच अडलेल्या बायका घेऊन.

"मंग त्या आष्टीला आल्या, हात जोडले. तवा तरी म्हणायचं व्हतं, की सिस्टर, मला बी ठावं व्हतं, चूक दोघांची हाये. ते न्हाई म्हणलो. वरून त्यांनाच लोकांपुढं फिरवलं. त्या मोठ्या मनाच्या, गावोगाव जाऊन सांगून आल्या. निवृत्तीला आल्तो तो सांगायलाच. मागं उभा राह्यलो अन् तसाच गेलो."

"आत लोक बोलताहेत," मी म्हटलं. "चला. तुम्हीही सांगा."

त्यांनी मांडवाकडे पाहिलं. पुढे टेबलावर सिस्टरांचा फोटो होता, पांढऱ्या साडीतला, चापून बसवलेल्या केसांचा.

"त्या लोकांपुढं काय सांगायचं, बाई? मी कुठं लोकांपुढं काही म्हणलो व्हतो? मी त्यांच्यापुढं गप बसलो व्हतो." त्यांनी झाकण लावलं, नीट फिरवून, आणि हात तसाच त्यावर ठेवला. "आता कोणापुढं म्हणू?"